घरी आणलेले कासव अकस्मात मरते तेव्हा

माणसाने कशासाठी रडावे आणि किती दिवस रडावे, याचे माप समाजाने फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे. आईबाप गेले तर तेरा दिवस, दूरचा भाऊबंद गेला तर तीन दिवस. शेतकऱ्याचा बैल गेला तर गावातली चार माणसे ओट्यावर येऊन बसतात, कारण बैलाबरोबर त्या घराचे अर्धे पोट गेलेले असते. घरचे कुत्रे गेले तर अलीकडे लोक दोन शब्द तरी बोलतात. परंतु रविवारी बाजारातून आणलेले आगपेटीएवढे कासव पुढच्या आठवड्यात पाण्यावर निश्चल तरंगताना आढळले, तर त्या घराने काय करावे हे कोणत्याही रूढीत सांगितलेले नाही. शेजारी म्हणतात, "दुसरे आणा." मूल मात्र ताटावर बसत नाही.

या व्याख्यानमालेच्या मांडवात राष्ट्र, शेती, साहित्य अशा थोर विषयांची चर्चा होते. त्यात हा विषय काहींना पोरकट वाटेल. पण आमचा सारा काळ कामगारांच्या वस्त्यांत गेला आहे आणि तिथे एका खोलीच्या बिऱ्हाडातही आता काचेच्या भांड्यातले कासव दिसू लागले आहे. कुत्रा ठेवायला जागा नाही, मांजराला शेजाऱ्यांची हरकत, पोपट पाळणे कायद्याने बंद. तेव्हा मुलाच्या हट्टाखातर बाप कासव घेऊन येतो. कासव आवाज करीत नाही, केस गाळीत नाही, जागा अडवीत नाही. देवळाच्या सभामंडपातले दगडी कासव आपण लहानपणापासून पाहिलेले असते, त्यामुळे ते शुभही वाटते. शिवाय कासव म्हणजे दीर्घायुष्य, ही समजूत पक्की. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयातले 'अद्वैत' नावाचे महाकाय कासव २००६ साली वारले, तेव्हा ते अडीचशे वर्षांचे होते असे सांगितले जात होते. अशा जातीचा जीव घरी आणला आणि तो दहा दिवसांत गेला, म्हणजे घराला धक्का दुहेरी बसतो. जीव गेला हा एक. आणि जो मरणार नाही असे वाटत होते तोच गेला, हा दुसरा.

अशा वेळी तीन प्रश्न उभे राहतात. ते खरोखर मेले आहे काय? का मेले? आणि घरातल्या माणसांनी, विशेषतः मुलांनी, हे कसे सोसावे? याच क्रमाने आपण विचार करू.

पहिला प्रश्न विचित्र वाटेल, पण तो खरा आहे. कासव, सरडा, साप हे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातले. आपल्या शरीराची ऊब आपण अन्नातून निर्माण करतो. त्यांना ती बाहेरून घ्यावी लागते. भोवतालची हवा आणि पाणी थंड झाले की त्यांचे सारे व्यवहार मंदावतात. नाडी मंद, श्वास विरळ, हालचाल जवळजवळ नाही. पुण्या-नाशिकच्या थंडीत रात्रभर गार पाण्यात राहिलेले कासव सकाळी मेल्यासारखे दिसू शकते. उलटही घडते. मेंदूचे काम थांबल्यावरही या प्राण्यांचे हृदय काही काळ धडधडत राहते. त्यामुळे पशुवैद्यालाही क्वचित खात्री करून घ्यावी लागते. म्हणून घाई करू नये. कासव पाण्यातून काढून कोरड्या मऊ फडक्यावर, उबदार खोलीत ठेवावे. तापलेल्या तव्याजवळ किंवा भर उन्हात ठेवू नये. पापणीला, शेपटीला हलका स्पर्श करून पाहावा आणि जमेल तितक्या लवकर पशुवैद्याला दाखवावे. डोळे खोल गेले, अंग ताठून मग सैल पडले, वास येऊ लागला, म्हणजे शंका उरत नाही. हा वेळ वाया जात नाही. माणूस गेल्यावरही डॉक्टरने हात धरून सांगेपर्यंत घरचे थांबतात. त्या थांबण्यात मनाची थोडी तयारी होते.

दुसरा प्रश्न कारणाचा. बाजारात बहुतेक ठिकाणी जे कासव मिळते त्याला विक्रेते 'रेड इअर्ड स्लायडर' म्हणतात. डोळ्यामागे तांबडा पट्टा, पाठ हिरवीगार. याचे मूळ घर अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. नीट वाढले तर मादीची पाठ पंचवीस ते तीस सेंटीमीटर होते आणि आयुष्य वीस-तीस वर्षांचे असते. म्हणजे आगपेटीएवढे जे विकले जाते ते तान्हे बाळ आहे, हे घेणाऱ्याला कोणी सांगत नाही.

या बाळाला काय लागते ते पाहा. पोहण्यापुरते खोल आणि साधारण चोवीस-पंचवीस अंश उबेचे पाणी. पाण्याबाहेर येऊन अंग पूर्ण कोरडे करता येईल असा उंचवटा, आणि तिथे तीस अंशांच्या थोडी वर ऊब. ऊन, किंवा उन्हातले अतिनील किरण देणारा खास दिवा. ते किरण अंगावर पडले तरच शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते, आणि ते असेल तरच खाल्लेले कॅल्शियम हाडांत व पाठीच्या कवचात मुरते. आता आपल्या घरात काय होते? काचेचे भांडे बंद खिडकीशी ठेवतात आणि ऊन मिळाले असे समजतात. पण खिडकीची काच प्रकाश आत सोडते आणि नेमके तेच किरण अडवते. तेच भांडे भर दुपारच्या उन्हात ठेवले तर पाणी तापते, जिवाला पळायला सावली नसते, आणि काही तासांत खेळ संपतो. खायला दुकानदाराने दिलेली वाळवलेली कोळंबी, वर घरचा भात किंवा पोळीचा तुकडा. त्यात कॅल्शियम पुरेसे नाही, अ जीवनसत्त्वही नाही. मग डोळे सुजतात, कवच मऊ पडते. उरलेले अन्न आणि विष्ठा त्याच ओंजळभर पाण्यात कुजून अमोनिया तयार होतो. गारठ्याने पचन थांबते, फुप्फुसे धरतात, कासव एका अंगावर कलून पोहू लागते, नाकाशी बुडबुडे दिसतात. ही न्युमोनियाची खूण.

मग मृत्यू 'अकस्मात' का दिसतो? रानात दुबळेपणा दाखवणारा प्राणी आधी शिकार होतो. म्हणून हे जीव आजार शेवटपर्यंत लपवतात. दुसरे म्हणजे, यांचा कारभारच संथ. अन्न तुटले तर माणूस आठवड्यात खंगलेला दिसतो. कासव अनेक दिवस तसेच दिसत राहते. तान्हे कासव तर अंड्यातून येताना पोटात बलकाचा साठा घेऊन येते आणि काही दिवस त्यावरच काढते. दुकानात टवटवीत दिसते ते कदाचित या शिदोरीवर. त्याआधी ते कुठल्या तरी तळ्यावर जन्मले, डब्यात भरले गेले, शेकडोंच्या गर्दीत प्रवास करून आले, एका दुकानातून दुसऱ्यात गेले. कवच मऊ पडायला आठवडे-महिने लागतात. म्हणजे जे मरण आपल्या घरी आठव्या दिवशी घडले, त्याची सुरुवात पुष्कळदा आपल्या घराचा पत्ताही नसताना झालेली असते.

इथे आम्हाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. कारखान्यात अपघात झाला की पहिल्या तासात एकच वाक्य ऐकू येते : "कामगाराचे लक्ष नव्हते." यंत्राला जाळी होती का, पाळी किती तासांची होती, दुरुस्तीची वही कोणी भरली, हे नंतर, आणि तेही कोणी हट्टाने विचारले तर. जो यंत्राच्या सर्वांत जवळ उभा, त्याच्यावर दोष सर्वांत आधी. घरात कासव मेले की हाच न्याय लागतो. आईने काल पाणी बदलले म्हणून आई. मुलीने हातात घेऊन खेळवले म्हणून मुलगी. बापाने आणलेच का म्हणून बाप. तीस वर्षे अपघातांच्या चौकशांना बसून आम्ही एवढे शिकलो आहोत, की 'काय घडले' आणि 'कोणाचा दोष' हे दोन प्रश्न वेगळ्या कागदांवर लिहावेत, आणि पहिला कागद पुरा झाल्याशिवाय दुसरा हातात घेऊ नये.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या कचेरीत एका इंजिनिअरिंग कारखान्यातला फिटर संध्याकाळी आला. जेवणाचा डबा टेबलावर ठेवला, पण उघडला नाही. त्या दिवशी त्याने अर्ध्या दिवसाची रजा मागितली होती आणि सुपरवायझरने सगळ्यांदेखत विचारले होते, "कासवाचं सुतक पाळणार काय?" सगळे हसले, तोही हसला. डब्यात जेवण नव्हते. मुलाचे कासव होते. नऊ वर्षांचा मुलगा दोन दिवस बोलत नव्हता, कारण आजी म्हणाली होती की तू त्याला रात्री पांघरुणात घेतलेस म्हणून ते गेले. फिटर म्हणाला, "साहेब, तुम्ही वाचता-बिचता. पोराला सांगता येईल असं काही आहे का ह्यात?" आम्ही त्याला साहेब म्हणू नकोस म्हटले आणि कागद पुढे ओढला. कधी आणले, काय खाल्ले, पाणी केव्हा बदलले, कोठे ठेवले होते, पहिल्यांदा सुस्त केव्हा दिसले. सारे तारीखवार लिहिले. लिहिता लिहिता त्यालाच दिसले, की आणल्या दिवसापासून त्याने एकदाही काही खाल्लेले नव्हते आणि त्याची पाठ पहिल्यापासूनच बोटाने दबत होती. पांघरुणाची रात्र सहाव्या दिवसाची होती. कागद घडी घालून त्याने खिशात ठेवला. मुलाला वाचून दाखवतो म्हणाला.

त्या कागदाने कासव परत आले नाही, हे उघड आहे. पण नऊ वर्षांच्या खांद्यावरचे जे ओझे त्याचे नव्हते, ते उतरण्याची सोय झाली. आम्ही हेही सांगून ठेवतो, की प्रत्येक कागद घरच्यांना निर्दोष सोडीलच असे नाही. भांडे उन्हात राहिले असेल, दिवा नसेल, पाणी आठवडाभर तसेच असेल, तर तेही त्यात उतरले पाहिजे. अजाणतेपणी झालेली चूक ही क्रूरता नव्हे. पण ती कळल्यावर पुन्हा करणे मात्र क्रूरतेच्या जवळ जाते. खरे कारण, मग ते आपल्याकडे बोट दाखवणारे असो, धूसर अपराधीपणापेक्षा सोसायला सोपे असते. कारणाला शेवट असतो, संशयाला नसतो.

कारण अधिक पक्के करायचे असेल तर शवविच्छेदनाची सोय असते. मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; इतर शहरांतही सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तिथे किंवा आपल्या पशुवैद्याकडे विचारावे. तोपर्यंत देह पिशवीत नीट गुंडाळून गार ठेवावा, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळा. बर्फात गोठवू नये, गोठल्याने आतले अवयव तपासण्यासारखे राहत नाहीत. दुकानदाराबद्दल तक्रार असेल तर तीही तोंडी भांडणावर न सोडता लेखी द्यावी. २०१८ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ती आहे का, एवढा साधा प्रश्न विचारणाराही पुढच्या शंभर जिवांचे काही भले करतो.

आता तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न. फिटर सगळ्यांबरोबर हसला, हे आमच्या मनात राहून गेले. माणूस स्वतःच्या दुःखाला हसतो, कारण ते दुःख कोणी मानणार नाही हे त्याला ठाऊक असते. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली या प्रकारावर एक ग्रंथ सिद्ध केला. त्याचे म्हणणे असे, की काही दुःखांना समाज मान्यताच देत नाही. त्यांना सुतक नाही, रजा नाही, भेटायला येणारे कोणी नाही. आणि म्हणून ती मनात अधिक काळ अडकून राहतात. मान्यता या शब्दाची किंमत आम्हा युनियनवाल्यांना सांगायला नको. मान्यता नसलेल्या युनियनची मागणी खरी असली तरी तिला टेबलावर जागा मिळत नाही. दुःखाचेही तसेच आहे. कोणी तरी समोर बसून "होय, तुझे काही गेले आहे" एवढे म्हणावे लागते.

शिवाय कासव नवे होते, म्हणून दुःख कमी असले पाहिजे, हा हिशेब चुकीचा आहे. जुन्या सोबत्याच्या मागे आठवणी तरी उरतात. नव्याच्या मागे उरतात ते बेत. त्याचे नाव नुकते ठरलेले, मोठे झाल्यावर कोठे ठेवायचे याची चर्चा झालेली, शाळेत सगळ्यांना सांगून झालेले. मुलाला दुःख होते ते न घडलेल्या दिवसांचे, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत काय सांगू याचेही.

मुलांशी बोलताना खरे बोलावे. मारिया नाग्य या बाईंनी हंगेरीतल्या मुलांचा अभ्यास करून १९४८ साली दाखवले, की पाच वर्षांखालचे मूल मरणाला झोप किंवा प्रवास समजते. ते कायमचे असते आणि सर्वांना येते, ही समज पुढे हळूहळू येते. अशा मुलाला आपण "ते झोपले" म्हटले तर ते रात्री स्वतः झोपायला भिते. "देवाने नेले" म्हटले तर देव पुढे कोणाला नेईल हा विचार सुरू होतो. त्यापेक्षा सांगावे : "त्याचे शरीर बंद पडले. आता त्याला भूक लागत नाही, दुखत नाही आणि ते परत येणार नाही." मूल तोच प्रश्न पाच वेळा विचारील, पाचही वेळा तेच उत्तर द्यावे. आणि मूल शाळेत असताना गुपचूप दुसरे कासव आणून त्याच भांड्यात सोडणे, ही आईबापांची सर्वांत प्रेमळ आणि सर्वांत घातक युक्ती. मुले पाठीवरची नक्षी ओळखतात. ओळखले नाही तरी, गेलेल्याची जागा एका दुपारीत भरता येते, हा धडा आपण त्याला देऊ नये.

निरोपालाही काही रूप असावे. सोसायटीच्या आवारात किंवा गावाकडच्या परड्यात, विहिरीपासून दूर, हात-दीड हात खोल खड्डा करून पुरावे, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. मुलाला माती टाकू द्यावी. मग हात साबणाने चोळून धुवावेत, आणि हा उपचार म्हणून न सांगता आरोग्य म्हणून सांगावा. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला नावाचे जंतू असतात. त्यांच्यामुळे मुले आजारी पडतात असे दिसल्यावर अमेरिकेने १९७५ सालापासून चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी घातली. म्हणून ते भांडे स्वयंपाकाच्या मोरीत धुवू नये. बाहेर धुवावे, ब्लीचिंग पावडरचे पाणी लावून उन्हात वाळवावे आणि माळ्यावर ठेवून द्यावे. मूल म्हणेल की भांडे समोरच राहू दे, तर काही दिवस राहू द्यावे.

दुसरे आणायचे की नाही, याची घाई नको. जे दिवस दुःखाचे, ते निर्णयाचे नव्हेत. आणायचेच झाले तर आधी हिशेब मांडावा : मोठी पेटी, पाणी गाळण्याचे यंत्र, दोन प्रकारचे दिवे, पशुवैद्याची फी, आणि वीस-तीस वर्षे. ज्या मुलासाठी ते आणायचे, ते मूल संसाराला लागेल तेव्हाही कासव असेल. हा हिशेब मांडल्यावर पुष्कळ घरे नको म्हणतील, आणि त्यात कमीपणा नाही. चांदण्यासारखी नक्षी असलेले आपल्या देशातले तारा कासव तर कोणी देऊ केले तरी घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते घरी ठेवणे गुन्हा आहे. चोरट्या व्यापाराने ते इतके पिळले गेले की २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंधन आले. आणि घरात एखादे परदेशी कासव जगले-वाढले, मग नकोसे झाले, म्हणून ते मंदिराच्या तळ्यात किंवा नदीत सोडणे हे पुण्य नव्हे. जगातल्या सर्वांत उपद्रवी उपऱ्या जीवांच्या शंभरांच्या यादीत या जातीचे नाव आहे. ते आपल्याकडच्या कासवांच्या तोंडचा घास आणि उन्हात बसायची जागा बळकावते. सोडण्यापूर्वी वनखात्याला किंवा प्राणिमित्र संस्थेला विचारावे.

हा सारा विचार एका आगपेटीएवढ्या जिवासाठी कशाला, असे कोणी म्हणेल. पण माणसाला मोठ्या दुःखाची तालीम कोणी देत नाही. घरातले पहिले मरण बहुधा असेच लहान येते. त्या वेळी मूल पाहत असते, की मोठी माणसे दोष कोणावर ढकलतात, खरे सांगतात की गोष्ट रचतात, दुःखी माणसाला हसतात की त्याच्याजवळ बसतात. पुढे याहून मोठी माणसे घरातून जातील, तेव्हा ते मूल तसेच वागेल. म्हणून कासव गेले, तर त्या संध्याकाळी दूरदर्शन संच बंद करावा, मुलाला जवळ घ्यावे, कागद-पेन्सिल काढावी आणि विचारावे, "चल, आधी सांग, आपण त्याला कोणत्या दिवशी आणले?"